मुक्त विद्यापीठातून, खंडानंतर किंवा नोकरीसोबत: नागपुरातून पदव्युत्तर शिक्षणाकडे कसे जावे

पदव्युत्तर शिक्षणाचा नेहमीचा रस्ता नागपुरात सगळ्यांना पाठ असतो. दहावी, बारावी, शहरातल्या एखाद्या महाविद्यालयातून पदवी आणि मग अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरातील विभाग. हा लेख त्या रस्त्याने न गेलेल्यांसाठी आहे. ज्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी केली, आयटीआय करून हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी धरली, लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण केले किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आता ज्यांना समाजशास्त्र शिकायचे आहे, अशा वाचकांना तो उपयोगी पडावा. अशा विद्यार्थ्यांचा प्रवेश त्यांच्या वेगळ्या वाटेमुळे क्वचितच अडतो. बहुतेक वेळा तो अडतो तो त्या वाटेवरचा एखादा दुवा कागदोपत्री निखळलेला असल्यामुळे, आणि ही गोष्ट ऐन प्रवेशाच्या वेळी लक्षात आल्यामुळे. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये अभ्यासाइतकीच जागा नियमांना दिली आहे.

पहिली पायरी: शेवटापासून मागे वाचत या

आधी पदवी घेऊ आणि नंतर काय ते पाहू, हा विचार नेहमीच्या विद्यार्थ्याला परवडतो, कारण त्याची पदवी बहुतेक दारांशी आपोआप जुळते. इतरांनी आधी कुठे पोहोचायचे ते ठरवावे, त्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकातील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा आणि मग त्याला अनुरूप अशी पदवी, विषय आणि गुण यांची आखणी करावी.

नागपुरात राहून पाहिले तर मुक्काम बरेच आहेत आणि त्यांच्या अटी एकमेकांपासून फार वेगळ्या आहेत. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे विभाग, रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, अभियांत्रिकीसाठी व्हीएनआयटी, व्यवस्थापनासाठी मिहानमधील आयआयएम आणि पर्यावरणविषयक संशोधनासाठी नीरी ही सहज आठवणारी नावे आहेत. आयआयएमच्या कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिथे किमान ५० टक्के गुणांची अट असते, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ती ४५ टक्के आहे. सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटन्सीची व्यावसायिक अर्हता घेतलेल्यांनाही आवश्यक गुण असल्यास कॅट देता येते. याउलट एमएस्सीच्या बहुतेक जागांसाठी पदवीला संबंधित विषय असणे आवश्यक असते, आणि त्या बाबतीत गुण कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

पात्रतेच्या परिच्छेदात तीन गोष्टी अधोरेखित कराव्यात: ‘कोणत्याही शाखेची पदवी’ की ‘संबंधित विषयातील पदवी’, किमान गुण किती, आणि ‘१०+२+३ पद्धतीने’ असा उल्लेख आहे का. तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि सर्वांत जास्त प्रवेश तिच्यामुळेच अडकतात, असे मला वाटते.

दुसरी पायरी: दहावी, बारावी आणि पदवीची साखळी तपासा

आपल्याकडे शिक्षण कोणत्या मार्गाने घेतले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने घेतले याला कायद्याच्या दृष्टीने अधिक वजन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अन्नामलाई विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात हे स्पष्ट केले की, मूळ पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरता येत नाही. त्यामुळे ‘पदवी नसली तरी थेट एमए’ असे कोणी सुचवले, तर तो विषय तिथेच संपवावा.

बारावीच्या बाबतीत मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्यांची बारावी राहिली आहे त्यांच्यासमोर साधारणपणे तीन वाटा असतात. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा अर्ज भरणे ही पहिली. त्यासाठी नागपूर विभागीय मंडळाच्या सूचना आणि मुदत पाहावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करणे ही दुसरी. या दोन्ही वाटांनी मिळालेले बारावीचे प्रमाणपत्र हे पूर्ण अर्थाने बारावीच असते. तिसरी वाट मुक्त विद्यापीठांच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाची. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) या दोन्ही ठिकाणी बारावी नसलेल्या प्रौढांना अशा शिक्षणक्रमानंतर पदवीला प्रवेश मिळत आला आहे; तो सध्या चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. ही सोय अनेकांना, विशेषतः लवकर शाळा सुटलेल्या स्त्रियांना, पदवीपर्यंत घेऊन आली आहे, आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. परंतु पूर्वतयारी शिक्षणक्रम हा त्या विद्यापीठातील पदवीचा दरवाजा आहे. त्याला सर्वत्र बारावीची समकक्षता नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार, आवश्यक मूळ अर्हता नसताना मुक्त पद्धतीने थेट पदवी घेतलेल्यांना विधी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. त्यामुळे पुढे एलएलबी, एलएलएम किंवा ‘१०+२+३’ मागणारे काहीही करण्याची शक्यता मनात असेल, तर एखादे वर्ष जास्त गेले तरी चालेल, पण पदवीला नाव नोंदवण्याआधी बारावी करून घ्यावी. बारावी आणि पदवीचा क्रम उलटला तर पुढे प्रत्येक ठिकाणी अर्ज आणि विनंत्या करत बसावे लागते.

आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्यांनी आपली ही अर्हता इच्छित विद्यापीठात बारावीच्या बरोबरीची मानली जाते का, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी मिळालेल्या उत्तराला किंमत नसते. अभियांत्रिकीत एएमआयईच्या, म्हणजे महाविद्यालयात न जाता व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा देण्याच्या, मार्गाने गेलेल्यांनी आपल्या नोंदणीची तारीख पाहावी: ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांची नोंदणी झाली होती त्यांनाच ती अर्हता अभियांत्रिकी पदवीच्या बरोबरीची म्हणून वापरता येते. नोकरी सांभाळून नव्याने एएमआयई करून एमटेकला जाऊ, असा बेत आज कोणी आखत असेल तर त्याने तो सोडून द्यावा आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचा विचार करावा.

तिसरी पायरी: दूरशिक्षणाची पदवी घेताना मान्यता तीनदा पडताळा

मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातून घेतलेली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरशिक्षण नियमावलीत नमूद आहे. एखाद्या कार्यालयात ‘आम्ही दूरशिक्षणाची पदवी घेत नाही’ असे सांगितले गेले, तर वाद घालण्याऐवजी त्या नियमाची प्रत जोडून साधा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बहुतेक वेळा नकार खिडकीवरच्या सवयीतून येतो. लेखी अर्जावर नियमाविरुद्ध शेरा मारायला सहसा कोणी तयार होत नाही.

मात्र ‘मान्यता’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना लागू होतो आणि तिन्ही तपासाव्या लागतात. विद्यापीठाला मान्यता असली पाहिजे, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला दूरशिक्षणाने चालवण्याची परवानगी असली पाहिजे, आणि ती परवानगी आपण प्रवेश घेत असलेल्या सत्राला लागू असली पाहिजे. ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. जाहिरातीतले वाक्य किंवा भिंतीवर फ्रेम करून लावलेले पत्र तिची जागा घेऊ शकत नाही. अलीकडे प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने दूरशिक्षण विभागाचा स्वतःचा ओळख क्रमांक, म्हणजे डेब-आयडी, काढणे बंधनकारक झाले आहे, आणि त्यासाठी श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) बँकेचे, म्हणजे एबीसीचे, खाते लागते. हे काम केंद्रचालकाला ओटीपी देऊन करून घेण्यापेक्षा स्वतः करावे, कारण त्याच निमित्ताने आपण कोणत्या अभ्यासक्रमासाठी नाव नोंदवत आहोत हे डोळ्यांखालून जाते.

काही विषय या पद्धतीने शिकवताच येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुशास्त्र आणि विधी या शाखांना दूरशिक्षणाची परवानगी नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारख्या आरोग्याशी निगडित विषयांचाही त्यात समावेश झाला आहे, आणि ज्यांना समुपदेशनाच्या क्षेत्रात जायचे होते अशा अनेकांचे बेत त्यामुळे बदलावे लागले आहेत. पीएचडी तर दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाही. तशी जाहिरात दिसली तर पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. ‘एका वर्षात पदवी’ किंवा ‘मागील तारखेची नोंदणी’ अशी भाषा करणाऱ्या केंद्रांबद्दलही तेच. पदवीचा किमान कालावधी ठरलेला असतो, राज्याच्या मुक्त विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर केंद्र चालवता येत नाही आणि फ्रँचायझी देण्याला आयोगाची मनाई आहे.

नागपुरात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोहोंची विभागीय केंद्रे आहेत, हा या शहराचा मोठा फायदा आहे. गोंदिया किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला ज्या दुरुस्तीसाठी दिवस मोडावा लागतो, ती इथला विद्यार्थी कामावरून थोडी सुटी काढून करू शकतो. मराठीतून शिकायचे असेल तर पहिले विद्यापीठ सोयीचे. पुढे राज्याबाहेर जायचे असेल आणि इंग्रजी किंवा हिंदीतून लिहिण्याची सवय हवी असेल तर दुसरे. दोन पदव्या एकाच वेळी करण्याची परवानगी आयोगाने २०२२ पासून दिली आहे, पण नोकरी करणाऱ्याने तिच्या मोहात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढे गुण मोजले जातात, पदव्यांची संख्या नाही.

गुणांचा उल्लेख निघालाच आहे, तर ५५ हा आकडा ध्यानात ठेवावा. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के असतील तरच सहायक प्राध्यापकपदासाठीची नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडीचा प्रवेश यांची दारे उघडतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमिलेअर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत असते. ५४ टक्क्यांवर थांबलेली एमए पदवी हातात घेऊन अडलेले अनेक जण प्राध्यापकांना माहीत असतात. मुक्त विद्यापीठात पुनर्परीक्षेची लवचीकता असल्यामुळे ‘पास झालो, पुरे’ असा विचार सहज येतो, आणि तो महागात पडतो. स्वाध्याय किंवा असाइनमेंटचे गुण अंतिम निकालात धरले जात असतील, तर ती दुसऱ्याची पाहून उतरवण्यात आपलेच नुकसान आहे.

चौथी पायरी: पदवीत जे शिकायला मिळाले नाही ते भरून काढा

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तीन वर्षांत जे नकळत मिळते, म्हणजे शिक्षकांशी वाद, सहाध्याय्यांच्या टिपणांतून कळलेल्या उणिवा, ग्रंथालयात उगाच चाळलेली पुस्तके, ते दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. त्याच्याकडे अभ्याससाहित्याचे संच असतात आणि परीक्षेपुरते ते बरेचदा पुरेसेही असतात. पदव्युत्तर विभागात मात्र पहिल्याच महिन्यात मूळ ग्रंथ वाचायला लागतात, आणि संचावर वाढलेला विद्यार्थी तिथे गोंधळतो.

उपाय खर्चिक नाही, वेळखाऊ मात्र आहे. ज्या विषयात एमए करायचे आहे त्या विषयाच्या सीयूईटी पीजी या केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. ही परीक्षा द्यायची नसली तरीही. त्यातील प्रत्येक घटकापुढे ‘येते’, ‘ऐकले आहे’, ‘माहीत नाही’ असा शेरा लिहावा. तिसऱ्या शेऱ्याच्या घटकांची जी यादी तयार होईल, तीच पुढच्या वर्षभराची आखणी. अर्थशास्त्राकडे वळणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या यादीत संख्याशास्त्र आणि गणित हमखास असते, तर समाजशास्त्राकडे वळणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या यादीत सिद्धान्तकार असतात.

हे घटक भरण्यासाठी स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी मंचांवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम उत्तम आहेत. ते पाहायला पैसे लागत नाहीत, आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन, शुल्क भरून, देखरेखीखाली द्यायची असल्यामुळे तिच्या प्रमाणपत्राला वजन असते. दहा अभ्यासक्रम अर्धवट ठेवण्यापेक्षा विषयाच्या गाभ्याचे दोन पूर्ण करावेत. यातील श्रेयांक एबीसीच्या खात्यात जमा होऊ शकतात, पण ते कुठे आणि किती ग्राह्य धरायचे हे ज्या त्या विद्यापीठावर अवलंबून असते.

शाखा बदलणाऱ्यांसाठी आयोगाचा २०२४ चा पदव्युत्तर श्रेयांक आराखडा दिलासा देणारा आहे. पदवीचा मुख्य विषय वेगळा असला तरी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन दुसऱ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता यावे, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक विद्यापीठाने ते स्वीकारले आहे असे धरून चालू नये. आपल्या विभागाचा नियम वाचावा. अभियांत्रिकीची म्हणून ओळखली जाणारी गेट परीक्षा कला आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही देता येते, आणि तिच्यात मानव्यविद्या व समाजशास्त्रांचा स्वतंत्र पेपर आहे, हेही फारसे माहीत नसते. आयआयटीतील मानव्यविद्या विभागांत संशोधनाला जाऊ इच्छिणाऱ्याने त्याकडे जरूर पाहावे.

शिक्षकांचा प्रश्न उरतो. शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचे, हे नियमित विद्यार्थ्याला सुचवावे लागत नाही; मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तीच मोठी अडचण वाटते. अभ्यासकेंद्रावरचे समंत्रक हे बहुधा शहरातल्याच एखाद्या महाविद्यालयात शिकवत असतात. संपर्कसत्रांना नियमित जाणारे विद्यार्थी थोडे असतात आणि म्हणूनच ते समंत्रकांच्या लक्षात राहतात. अशा एखाद्या शिक्षकांना स्वतः लिहिलेले सात-आठ पानांचे टिपण वाचायला द्यावे, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून पुन्हा दाखवावे आणि त्यानंतर, अर्जाच्या मुदतीच्या किमान महिनाभर आधी, ‘सर, शिफारसपत्र द्याल का?’ असे विचारावे. ओळखीच्या नगरसेवकाच्या किंवा कंपनीच्या संचालकाच्या पत्रापेक्षा, विद्यार्थ्याचे लेखन वाचलेल्या शिक्षकाचे अर्ध्या पानाचे पत्र विभागाला जास्त सांगते.

पाचवी पायरी: कामाचा अनुभव प्रश्नात बदला

प्रवेशअर्जासोबतच्या उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) अनेक जण आपला संघर्ष सांगतात. तो खरा असतो, पण निवड समितीला त्यातून विद्यार्थी काय शिकणार आहे हे कळत नाही. नागपूरच्या महाल भागात आशा सेविका म्हणून काम केलेल्या बाईंनी ‘मी खूप अडचणींतून शिकले’ असे लिहिण्याऐवजी, लसीकरणाच्या नोंदवहीत नाव असलेली आणि प्रत्यक्षात न आलेली कुटुंबे कोणती होती आणि ती का आली नाहीत, हे लिहावे. काटोलच्या संत्रा बागायतदाराच्या मुलाने आंबिया आणि मृग बहराचा निर्णय घरात कसा घेतला जातो, त्यात पाणी, व्यापारी आणि कर्ज यांचा काय वाटा असतो, हे मांडले तर कृषी अर्थशास्त्राचा प्राध्यापक पुढचे पान उलटतो. अनुभवातून निघालेला एक नेमका प्रश्न, त्यावर आजवर काय वाचले आणि काय वाचायचे राहिले, आणि त्यासाठी हाच विभाग का, एवढे दोन पानांत बसते. खंड पडला असेल तर त्याचे कारण एका वाक्यात सांगावे. माफीचा सूर नको. मुलाखतीत ‘मधली वर्षे काय केले?’ असे विचारले गेल्यास हेच उत्तर थोडे विस्ताराने द्यावे.

सहावी पायरी: कागदपत्रे आणि पैसे

वेगळ्या वाटेने आलेल्या विद्यार्थ्याची फाइल जाड असते. स्थलांतर प्रमाणपत्र, दुसऱ्या विद्यापीठातून येत असल्यास पात्रता प्रमाणपत्र, खंडाचे प्रतिज्ञापत्र, श्रेणीवरून टक्केवारी काढण्याचे विद्यापीठाचे सूत्र किंवा दाखला आणि लागू असल्यास जात वैधता व नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र ही त्यातली मुख्य. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या दहावीच्या आणि पदवीच्या कागदांवर वेगवेगळी नावे असतात. राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच हाताशी असावा. जून-जुलैमध्ये सेतू केंद्रांवर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात गर्दी असते, म्हणून ही कामे दिवाळीनंतर, हिवाळ्यात उरकावीत.

पैशांच्या बाबतीत आधी आपल्या प्रवर्गाची संस्था पाहावी: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, जिचे मुख्यालय नागपुरातच आहे. या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) मुख्यतः पीएचडीसाठी असतात. राष्ट्रीय पातळीवरील जेआरएफसाठी, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, वयोमर्यादा ३० वर्षे असून महिलांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. उशिरा सुरुवात केलेल्यांनी हे गणित आजच मांडावे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. नोकरी टिकवून संशोधन करायचे असेल तर आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वर सांगितलेल्या ५५ टक्क्यांच्या अटीला एक अपवाद आहे: चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला पदव्युत्तर पदवी न घेताही पीएचडीला अर्ज करता येतो.

परदेशी जाण्याचा विचार असल्यास एवढे पुरे: अमेरिकेतील अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात, त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीनंतर इथे एमए करून जाणे सोयीचे ठरते, आणि जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, सक्तीचे आहे.

सातवी पायरी: वेळापत्रक उलटे मांडा

नेट साधारणपणे जून आणि डिसेंबरमध्ये होते, कॅट नोव्हेंबरच्या शेवटी आणि गेट फेब्रुवारीत. कॅट आणि गेट या दोहोंचे अर्ज पावसाळ्यातच सुटतात. सीयूईटी पीजीचे अर्ज हिवाळ्यात निघतात. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण निकालाची असते. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि जूनच्या परीक्षेचा निकाल लागून गुणपत्रिका हाती येईपर्यंत नियमित विभागांचे प्रवेश पुढे सरकलेले असतात. म्हणून शेवटचे पेपर डिसेंबरच्या परीक्षेत संपतील अशा बेताने नोंदणी करावी, प्रकल्प आणि असाइनमेंट सप्टेंबरातच सादर कराव्यात आणि त्यांचे गुण ऑनलाइन नोंदीत चढले आहेत की नाही हे दर पंधरा दिवसांनी पाहावे. चढले नसतील तर पोचपावतीची प्रत घेऊन विभागीय केंद्रात जावे आणि तिथल्या अर्जावर आवक क्रमांक घालून घ्यावा. तरीही निकाल लांबलाच, तर प्रवेशाच्या वेळी तात्पुरत्या निकालाची प्रत आणि मूळ गुणपत्रिका ठरावीक तारखेपर्यंत देण्याचे हमीपत्र विभाग स्वीकारतो का, हे प्रवेशफेरी सुरू होण्यापूर्वी ईमेलवर विचारून ते उत्तर छापून फाइलला लावावे.